भानबा वस्तादाचा फाडलेला पटका

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आज्यानं त्याच्या आज्याकडून ऐकलेली, तेव्हा खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक.

बोरखिंडीच्या गावात भानबा वस्ताद तालमीत लाठी शिकवायचा. तालमीतली तांबडी माती तेल-ताक पाजून मऊ केलेली. असं म्हणतात, मुंगी चालली तरी तीत पाऊल उठायचं. बाई आत आली तर माती बाटते, असं गाव मानायचं. ते ताक मात्र बायाच घुसळून द्यायच्या.

गावाचं पाणी खिंडीपलीकडं. खिंडीत चोरटे दबा धरून बसत, बायांच्या अंगावरचं ओरबाडून नेत. एक दिवस तुळसा नावाची बाई तालमीच्या दारात उभी राहिली. "वस्तादमामा, आम्हाला लाठी शिकवा."

"या. दुपारी गडी रानात असतात," वस्ताद म्हणाला.

पण बायांनाच संशय. म्हातारा फुकट शिकवतो ते कशापायी? तेव्हा वस्तादाची बायको धुरपा अडकित्ता घेऊन दारातच बसली. "ह्यानं वावगा हात लावला, तर सुपारीआधी ह्याचं बोट कातरीन!" बाया हसल्या आणि आत आल्या.

मग अडलं जोडव्यांपाशी. जोडवी मातीत रुतायची, बोट मुरगळायचं. अन् नवरा जिता असताना जोडवी काढायची कशी? वस्तादानं डोईचा तांबडा पटका उतरवला, टराटरा फाडला, एकेकीला चिंधी दिली. "जोडवी राहू द्या. वरून गुंडाळा." संध्याकाळी पोरांनाही म्हणाला, "आजपासून तुम्हीबी बांधायची." पोरं कुरकुरली, पण बांधली.

बोडका वस्ताद बघून पाटलाच्या मनात पाल चुकचुकली. घरात सुतक नाही, मग हा बोडका का? त्यात दुपारी बाया तालमीकडं जाताना कुणीतरी बघितलेल्या. एका दुपारी तो तालमीत घुसला. "बाईचं एक पाऊल घावलं, तर तालमीला कुलूप, अन् तू शिवेबाहेर!"

बाया नुकत्याच मागच्या दारानं गेलेल्या. पाटील वाकून बघू लागला. सगळी पावलं चिंधी बांधलेली, कुठं जोडव्याची खूण नाही.

"ही बारकी पावलं कुणाची रं?"

"मातीला इचारा, पाटील."

असं म्हणतात, पाटलाच्या डोळ्यांदेखत माती कणकेसारखी फुगली आणि सगळी पावलं बुजली.

"कायतरी करणी हाय," पुटपुटत पाटील घरी आला. तेवढ्यात त्याची सून भरला हंडा घेऊन उंबरा चढली. हातात काठी. "मामंजी, खिंडीत चोरटा आडवा आला होता. पळाला." पाटलानं खाली बघितलं. सुनेच्या बोटांना तांबडी चिंधी.

पाटील म्हणाला, "पाय धू. तालमीची माती लागलीया."

दुसऱ्या दिवशी त्यानं वस्तादाकडं कोरा पटका धाडला.

अजून दर नागपंचमीला पाटलाच्या घरचा पटका तालमीत येतो. सगळ्यात धाकटी पोर तो फाडते, पोरं-पोरी सारेच चिंध्या बांधतात, अन् वस्ताद दिवसभर बोडका बसतो. नवखा पाहुणा हळूच विचारतो, "वस्तादांच्या घरी कोण वारलं?"

मग पोरी पाय पुढं करून दाखवतात.