ढग गिळणारं धुरांडं

एकदा काय झालं, ढगच यायचे बंद झाले. डोंगरामागे एका शेटजींचं धुरांडं होतं, ते आला ढग गट्ट करायचं. शेटजी सांगायचे, ‘ढग रुसलेत.’ आणि बाटलीत भरून गारवा विकायचे. शाळेची पुस्तकंही त्यांचीच. पहिलाच धडा, ‘ढग रुसले’. पोरं घोकायची, आपल्या दिगूसारखी डोळे मिटून, बरं का.

मग गावची विहीर तळाला गेली. आता गाव सोडायची पाळी. बयोताई म्हणाल्या, “मी नाही जात.” ढग जातात कुठे ते बघायला त्या डोंगर चढल्या आणि सगळं बघून आल्या.

मग त्या शेटजींकडे गेल्या. शेटजींनी गारव्याची बाटली फुकट देऊन वाटेला लावलं. मग चावडीवर गेल्या. पुरुष म्हणाले, “वहिनी, ऊन लागलंय तुम्हाला. डोक्यावर कांदा ठेवा.”

मग आली संक्रांत. बयोताईंनी हळदीकुंकू मांडलं आणि विधवांनाही बोलावलं. बायका कुजबुजल्या, पण आल्या. वाण काय मिळतंय ते बघायचं होतं ना. बयोताईंनी ना वाटी दिली, ना कंगवा. सगळ्यांना डोंगरावर नेलं, धुरांडं दाखवलं. म्हणाल्या, “हेच माझं वाण. आता तुम्हीही लुटा.”

घेतलेलं वाण परत कोण करणार? मग घरोघरी हळदीकुंकू आणि डोंगरावर ही रांग. शेजारच्या गावच्या आल्या, धुरांड्याखालच्या भट्टीवरच्या कामगारांच्या बायका आल्या. चावडीवरचे पुरुषही आले, मान खाली घालून. गुरुजींनी तर शाळाच डोंगरावर भरवली.

त्या पहिल्या दिवशी एक म्हातारीही आली होती, शेटजींची आई. नवरा गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. मग तिनंही मांडलं, थेट शेटजींच्या हवेलीत. सगळा मुलूख जमला. म्हातारीनं गच्चीवरून धुरांड्याकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं.

शेटजी म्हणाले, “आई, घरचं असं चारचौघांत सांगतात का?”

“वाण घेतलंय बाबा मी. लुटायला नको?”

कामगारांनी तिथेच फावडी खाली ठेवली. भट्टी विझली. धुरांडं उपाशी राहिलं, कळवळलं, आणि त्यानं दिली एक ढेकर. आजोबा जेवून देतात ना, त्याच्या शंभरपट. ढेकरेबरोबर गिळलेले सगळे ढग बाहेर.

विहीर भरली. गाव जागच्या जागी राहिलं. शेटजींना आईनं गुरुजींसमोर पहिल्या रांगेत बसवलं. ते शिकले, सगळे सुखात राहिले. आता पाय आत घ्या आणि झोपा मुकाट्यानं.