दोन बोटांवरची फांदी

“हातानं नाही धरायचा, तर दोर काय दातांनी धरू, उस्ताद?”

राघोनं असं विचारलं, तशी अंगणात जमलेली माणसं हसली.

दाऊद तांडेल हसले नाहीत. आंब्याच्या बुंध्याशी उकिडवे बसून ते दोराचा पीळ तपासत होते. दोर त्यांच्या बोटांमधून वीत वीत पुढे सरकत होता.

“दातांनी धरलास तरी चालेल,” ते म्हणाले. “माझ्या.”

आणि त्यांच्या तोंडात तर पुढचे दोनच दात उरलेले.

दाऊद तांडेलांचा जन्म गलबतावर गेला. डोलकाठी उभी करायची, आडवी करायची, भरलेल्या पेट्या खोल पोटातून वर काढायच्या, सगळं दोरावर. पुढे गलबतं बंद पडली. तांडेल आपले दोर आणि कप्प्या गाडीत घालून खाडीकाठच्या आमच्या वाडीत परत आले आणि घरांवर झुकलेली झाडं उतरवू लागले. झाड पाडतात म्हटलेलं त्यांना खपत नसे. उतरवतात म्हणायचं.

राघो त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. गडी कसला, खांबच. भाताचं पोतं एका हातानं उचलून माळ्यावर टाकी. ओहोटीला ओढीत सापडलेली होडी त्यानं एकट्यानं धरून ठेवली होती, आणि ती गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तो स्वतःच सांगे.

आणि आजचं काम होतं अनंता शिंप्याच्या दारात.

घरामागे रायवळ आंबा. आजोबांच्या आजोबांनी लावलेला म्हणायचे. त्याची एक फांदी, फांदी कसली, दुसरं झाडच ते, अनंताच्या कौलांवर पार पसरलेली. पावसाआधी ती छाटावी म्हणून अनंता स्वतःच कोयता घेऊन चढला. चार घाव घातले, फांदी बेचक्यातून उभी चिरली, आणि त्या हादऱ्यानं अनंता खाली आला.

पाठीचं हाड दुखावलं. हाडवैद्यानं त्याला फळीवर निजवलं आणि गोमतीला, त्याच्या बायकोला, बजावलं, याला हलवलंत तर जन्माचा पांगळा होईल.

म्हणजे वर चिरलेली फांदी, आणि बरोबर तिच्याखाली, कौलांच्या आड, फळीवर अनंता. संध्याकाळ झाली की वळवाचा वारा सुटे, आणि रोज ती चीर बोटभर रुंद होई.

आज वारा सुटायच्या आत फांदी खाली यायला हवी होती. कौलांना न लागता.

तांडेल उठले. दोराचं एक टोक वर, धडधाकट खोडावर बांधलेल्या कप्पीतून ओवून घेतलेलं होतं. माडांवर चढणारा सोमा वर बसला होता, कमरेला दोर, हातात करवत.

“बुंध्याला तीन वेढे घाल,” तांडेल म्हणाले. “मग टोक धर.”

राघोनं दोर मुठीभोवती गुंडाळला. एकदा, दोनदा.

तांडेलांनी त्याच्या मुठीवरचा दोर सोडवला.

“हे काय, उस्ताद?”

“संध्याकाळी जेवायला हात लागेल तुला.”

“अहो, वेढे म्हाताऱ्यांनी घालावेत. ज्याच्या मनगटात काही नाही त्यानं. मी होडी धरली होती—”

“ऐकलीय,” सोमा वरून म्हणाला. “तीनदा.”

तांडेलांनी वर पाहिलं. घराच्या उलट बाजूला एक धाकटी फांदी होती, परसावर आलेली. खाली घर नव्हतं, माणूस नव्हतं. गोमतीचा दुधीचा मांडव होता तेवढा.

“ती आधी घेऊ,” ते म्हणाले. “राघो, तुझ्या पद्धतीनं. फक्त मुठीला गुंडाळू नकोस. मला तू अख्खा हवा आहेस.”

राघोनं पाय रोवले. छाती भरून घेतली.

सोमानं दोराचं वरचं टोक त्या धाकट्या फांदीला बांधलं आणि करवत चालवली. भुसा उडाला. फांदी करकरली, सुटली आणि दोराला लोंबली.

आणि राघोनं धरली. खरंच धरली. मानेच्या शिरा टरारल्या, पण फांदी हवेत थांबली.

“धरलीन,” कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात फांदीनं झोका घेतला. राघोच्या टाचा उचलल्या. मग चवडे. तो बुंध्यावर जाऊन आदळला, तरी दोर सोडीना, आणि दोर त्याच्या तळव्यांतून सापासारखा निघून गेला.

मांडव पार झोपला.

गोमती पडवीत उभी होती. मोडलेल्या मांडवाकडे तिनं पाहिलं. मग राघोकडे.

“दुधी गेली,” ती म्हणाली. “आता नवऱ्याची पाळी का?”



आतून अनंताचा आवाज आला, “काय पडलं गो?”

“काही नाही. तुम्ही निजा.”

“निजू कसा? वर बघतोय ना मी…”

राघोनं तळवे उघडले. सालटी सोललेली, रक्त दिसत होतं. गोमतीनं खोबरेलात हळद कालवून आणली. शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नव्हता. तिनं त्याच्या दोन्ही हातांना निळ्या-तांबड्या पट्ट्या बांधल्या. बोटांची टोकं तेवढी बाहेर राहिली.

“उस्ताद,” राघो म्हणाला. “माझे हात गेले. मोठ्या फांदीला दुसरं कुणी बघा.”

“खालच्या आळीतले रापणीचं जाळं ओढणारे चौघे आणतो,” एकजण म्हणाला. “तगडे आहेत.”

“नकोत,” तांडेल म्हणाले. “राघो धरेल.”

“अहो, मला आता मूठ मिटता येत नाही.”

“म्हणून.”

त्यांनी खूण केली, तसं सोमानं दोराचं वरचं टोक मोठ्या फांदीला बांधलं.

तांडेलांनी दोर घेतला आणि स्वतः बुंध्याला वेढे घालू लागले. घाई नाही. बाळाला झबलं घालावं तसे, एकाला एक लागून, एकावर एक येऊ न देता. चार वेढे झाले. उरलेलं टोक त्यांनी राघोच्या हाती दिलं. हाती म्हणजे दोन बोटांत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि ती घसरायला लागली तर?”

“घसरू दे.”

“घसरू देऊ? खाली माणूस आहे, उस्ताद.”

“म्हणूनच तर. थांबवलीस की दोर तुटेल. सोडलीस की पडेल. तू तिला फक्त जाऊ दे.”

राघोनं ओठांवरून जीभ फिरवली. “किती जोरानं धरू?”

“भरली बशी घेऊन चुलीपासून ओटीवर येतोस तेव्हा बशी किती जोरानं धरतोस?”

राघोनं बोटं जराशी सैल केली.

फांदीच्या शेंड्याला दुसरा एक बारीक दोर बांधला होता, ती कौलांवरून अंगणाकडे वळवून घ्यायला. तो जमलेल्यांपैकी चौघांच्या हाती होता. गोमती पदर खोचून आत निघाली.

“कुठे?” तांडेलांनी विचारलं.

“त्यांच्यापाशी बसते. काही झालं तर दोघांना होऊ दे.”

“तू ओढायला लाग, पोरी. तुझं घर आहे, तुझ्याइतकं नीट कुणी ओढणार नाही. आत मी बसतो.”

आणि दाऊद तांडेल पायातल्या वहाणा काढून, कमरेला हात लावत, उंबरा ओलांडून आत गेले. त्या फांदीखाली.



“उस्ताद,” राघोनं हाक मारली. “तुम्ही बाहेर नसलात तर मला सांगणार कोण?”

आतून उत्तर आलं नाही.

राघोच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. त्यानं तो दंडावर पुसला. तो वर बघत सोमाला म्हणाला, “थांब जरा.”

तो बुंध्याभोवती एकदा फिरून आला. एकेक वेढा त्यानं बोटाच्या टोकानं चाचपला. तिसरा चौथ्यावर चढू बघत होता, तो त्यानं बाजूला सारला. दोराखाली सालीचा एक कपचा अडकला होता, तो काढून टाकला. मग परत जागेवर आला. या वेळी पाय रोवले नाहीत. साधा उभा राहिला, कुणाची वाट बघत उभं राहावं तसा.

“चालव,” तो म्हणाला.

करवत चालली.

भुसा कौलांवर पडत राहिला. वारा अजून यायचा होता, पण खाडीकडची माडांची झावळं हलायला लागली होती. गोमतीनं दोर घट्ट धरला.

मग आवाज झाला. बंदुकीसारखा. फांदी सुटली.

“धर,” माणसं ओरडली. “राघो, धर. धर, धर.”

राघोचं सगळं अंग धरायला धावलं. खांदे धावले, मनगटं धावली. सोललेल्या तळव्यांत कळ उठली आणि बोटं होती तिथेच राहिली.

त्यानं दोर जाऊ दिला.

चार वेढे बुंध्यावर एकदम आवळले. दोर सालीवरून करकरत सरकला, काथ्या जळल्याचा वास आला. एवढी मोठी फांदी, कौलांच्या वर लटकलेली, आणि राघोच्या दोन बोटांत काय आलं, तर पतंगाच्या मांज्याला असते तेवढी ओढ.

त्यानं खाली वाकून बुंध्याकडे पाहिलं. भार तिथे होता. झाडानंच झाडाला धरलं होतं.

राघो हसला. एकटाच, बोटांकडे बघत.

“सोमा, कौलं किती लांब?”

“हातभर.”

राघोनं बोटं जराशी आवळली. दोर हळू झाला. ढिली केली. फांदी वीतभर उतरली.

“गोमतीवहिनी, घ्या आता तुमच्याकडे.”

गोमतीनं ओढलं, मागोमाग चौघांनी ओढलं. फांदी आळस दिल्यासारखी वळली. पानं कौलांवरून केरसुणीसारखी फिरली. एक कौल खडखडलं…



ते कौल तिथेच राहिलं.

फांदी अंगणावर आली. राघो दोर देत होता, देत होता. म्हैस बसते तशी ती बसली, आधी पुढचे गुडघे टेकल्यासारखा शेंडा, मग कूस, मग सगळं अंग. बसली आणि पानांनी एक मोठा सुस्कारा टाकला. कैऱ्या देठांना होत्या तशाच होत्या.

गोमतीच्या हातून दोर गळला. ती फांदीपाशी गेली, एक कैरी तोडली आणि हातात धरून उभी राहिली. तिला रडायचं होतं की हसायचं, तिचं तिलाच ठरवता येईना.

मग काय विचारता. सोमा वरूनच शिट्या घालू लागला. माणसांनी राघोच्या पाठीवर इतक्या थापा मारल्या की फांदीनं नाही ते त्यांनी त्याला वाकवलं. कुणी म्हणे, त्या दोन बोटांना सोन्याची अंगठी करा. कुणी म्हणे, कौलं मोजून घ्या, एक जास्तच भरेल.

“होडीची गोष्ट आता बंद,” सोमा ओरडला. “आता हीच ऐकावी लागणार आम्हाला.”

राघो कुणाचं ऐकत नव्हता. पट्ट्या बांधलेले हात तसेच पुढे धरून तो घराकडे धावला. मागे सगळं अंगण.

आतल्या खोलीत अनंता फळीवर उताणा होता. त्याच्या छातीवर पत्ते मांडलेले. शेजारी दाऊद तांडेल मांडी घालून बसले होते, हातातली पानं छपवून, मोठ्या विचारात. बदामाची राणी टाकावी की ठेवावी…

अनंता वर बघत नव्हता. तो तांडेलांच्या पानांत डोकवायचा प्रयत्न करत होता.

राघो दारात थांबला. त्याला धाप लागली होती.

“उस्ताद,” तो म्हणाला, “फांदी उतरली.”

तांडेलांनी राणी टाकली. मग मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“कधी?”