कोष्टिणीने मांडलेली घरं

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून गुपचूप ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्य कोणाचं होतं ते विचारू नका, मलाही कोणी सांगितलेलं नाही.

सपाट मुलखातल्या एका गावी एक कोष्टी, त्याची बायको आणि लहान मुलगी राहत असत. राहत असत म्हणजे थोरल्या भावाच्या ओसरीत. माग तिथेच, चूल तिथेच, अंथरूणही तिथेच. रोज सकाळी थोरली जाऊ केरसुणी घेऊन आली की कोष्टीण आपलं बिऱ्हाड इकडचं तिकडे करी. आपलं चार भिंतींचं घर व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं.

श्रावण सरला की एक दिवस माग बंद ठेवायची गावाची रीत होती. त्या दिवशी तिघं दशम्या बांधून लांबचा डोंगर बघायला निघाली. वर धबधबा आहे, गुहा आहे आणि कड्यावरून दोन नद्या दिसतात, असं कोष्ट्याने बाजारात ऐकलं होतं.

डोंगर चढताना कोष्टिणीला वाटेच्या कडेला दगडावर दगड रचलेले दिसले. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तसेच. ती थबकलीच. त्यांच्या मुलखात ज्याला घर हवं, तो देवाच्या माळावर असेच दगडावर दगड रचून घर मांडत असे आणि हात जोडत असे.

"अहो, किती बिनघराची माणसं येऊन गेलीत इथे," ती म्हणाली. तिला भरून आलं, आणि आपण एकटेच नाही हे बघून जरा बरंही वाटलं.

"मग आपणही मांडू की," कोष्टी म्हणाला.

झालं! धबधब्यापाशी एक घर मांडलं, गुहेच्या तोंडाशी एक, मध्ये वाटेवर मन होईल तिथे आणखी काही. सगळ्यांत मोठं मांडलं कड्यावर. मुलगी म्हणाली, "आई, याला खिडकी कुठाय?" तेव्हा आईने वरच्या दोन दगडांत फटही ठेवली. दगड कमी पडले तसे जुन्या रचनांतले काढून घेतले. "ज्यांचे हे, त्यांची घरं एव्हाना झाली असतील," कोष्टी म्हणाला, आणि ते तिला पटलं.

दुपार कलली आणि धुकं आलं. हात पुढे केला तर मनगट दिसे, बोटं दिसत नसत. "घाबरू नका," कोष्टी म्हणाला, "येताना वाटेला दगड रचलेले होते. ते धरून उतरू."

एक रचना सापडली. तिच्या बाजूने गेले, तर पुढे धबधब्याचा आवाज. दुसरी सापडली, तर समोर गुहा.

"हे आपलं की आधीच्यांचं?"

"आपलंच दिसतंय."

"मघाचंही तुम्ही आपलंच म्हणालात."

दरवेळी घर सापडे आणि वाट हरवे. मुलगी थंडीने कुडकुडत होती, आणि कोष्टिणीला आता वर कुठे नि खाली कुठे तेही उमगेना.

तेवढ्यात धुक्यातून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा गुराखी आला. मागे त्याची गाय होती. पुढच्या रचनेला हात लावून तो म्हणाला, "सापडली बाबा खूण," आणि उजवीकडे पाय टाकला. कोष्टिणीच्या हाताला रचनेतली खिडकीची फट लागली, म्हणजे हा कडा! तिने घोंगडी धरून म्हाताऱ्याला मागे ओढलं. त्याच्या पायाखालचा दगड निसटला, पण खाली पडल्याचा आवाज काही आला नाही.

म्हातारा मटकन खाली बसला. "वाटेची खूण म्हणून माझ्या बापानं दगड रचले. खुणेच्या उजवीकडं पाय टाकायचा, असं शिकवलं त्यानं. खूण हाय, मग वाट कुठं गेली? म्हातारपणानं भ्रमलो का काय मी?"

कोष्टिणीला गप्प राहता आलं असतं. पण तिच्याने राहवेना.

"आजोबा, तुम्ही भ्रमला नाहीत. ही खूण नाही, हे माझं घर आहे. आज मीच मांडलंय."

"घर? हितं, कड्यावर?" म्हाताऱ्याला काही म्हणजे काही कळेना.

गाईला मात्र खुणांशी काय करायचं होतं? गोठ्यात तिचं वासरू होतं. ती चालू लागली, आणि तिची शेपटी धरून सगळे पायथ्याला उतरले. तिथे म्हातारा एवढंच म्हणाला, "उद्यापास्नं गुरं घेऊन माझा नातू जाणार हाय या वाटेनं."

म्हाताऱ्याच्या गोठ्यात पाठ टेकून, मुलीला तिथेच निजलेली ठेवून पहाटेच कोष्टी-कोष्टीण पुन्हा वर चढली. कड्यावरचं घर मोडलं, गुहेपाशचं मोडलं, धबधब्यापाशचंही मोडलं. जुन्यांचे दगड जुन्यांवर ठेवले. मग वाटेवरच्या एका रचनेपाशी कोष्टीण अडली. ही आपली, की म्हाताऱ्याच्या बापाची? खरी असेल तर मोडून वाट जाईल. खोटी असेल तर ठेवून माणूस जाईल.

तिने म्हाताऱ्याला बोलावून आणलं. तो रचनेभोवती फिरला, दगड चाचपले, डोकं खाजवलं.

"पोरी, तुझा हात लई नेटका," तो अखेर म्हणाला. "मलाबी वळखू येत नाही."

त्या दिवसापासून गुराख्यांनी ती वाट सोडली. अजूनही ते डोंगराला लांबचा वळसा घालून गुरं नेतात.

तात्पर्य: दहाजणांच्या वाटेवर आपली हौस मांडू नये, मागून येणारा तिलाच खूण समजून चालतो.