उकिरड्यावरची ज्वारी

एकदा एक व्यापारी स्वतःच्याच गोठ्यात पाऊल टाकायला भिऊ लागला. गव्हाणीत रोज भरपूर दाणा पडत होता, गाई तो चाटूनपुसून खात होत्या, आणि तरीही त्यांच्या फासळ्या मोजता येत होत्या. महिन्याभरात तीन गाई दावणीलाच मेल्या. त्यातच भर उन्हाळ्यात उकिरड्यावर कोणी न पेरलेली ज्वारी हिरवीगार तरारून आली. मग गावाने निवाडाच करून टाकला की गोठा झाडणारी विधवा सारजा चेटूक करून गाईंना आतून खाते आहे. अमावास्येच्या आत गाव सोड, असे व्यापाऱ्याने तिला बजावले.

गुरांच्या एका वृद्ध वैद्याचा शिष्य दोन महिन्यांपूर्वी तेथे येऊन गेला होता. दूध वाढावे म्हणून त्यानेच कडबा कमी करवून प्रत्येक गाईची ज्वारी दोन शेरांवरून चार शेरांवर नेली होती. शिष्य हुशार, मापात कधी चुकायचा नाही. आता गुरूंबरोबर परत आल्यावर त्याने माप पुन्हा तपासले. ते चोख निघाले आणि त्याच्या अंगावर काटा आला. एवढा दाणा पोटात जातो, मग जातो कुठे? त्यालाही सारजाची भीती वाटू लागली आणि त्याने ती गुरूंना बोलून दाखवली.

गुरूंनी एका गाईचे आठ प्रहरांचे सगळे शेण गोळा करवले, गाईसह ते नदीवर नेले आणि शिष्याला चाळणीत धुवायला सांगितले. शिष्याला किळस आली. पण पाणी नितळ होत गेले तसा तो चाळणीवर वाकला. चाळणीत ज्वारी होती. फुगलेली, पण अखंड, मध्ये गाय नव्हतीच जणू. गाय काठावर उभी राहून संथपणे रवंथ करीत त्याच्याकडे पाहत होती.

दाणे वाळवून तोलले. चार शेरांतले अडीच शेर परत आले होते.

गुरू म्हणाले, "बाळ, ज्वारीचा दाणा लहान आणि कठीण. गाय तो पुरता चावत नाही. अखंड गेला की बराचसा अखंडच बाहेर पडतो आणि ओल मिळाली की उगवतो. दाणा असा वाया गेला आणि कडबाही कमी झाला, म्हणून गाई खाऊनही उपाशी मेल्या. तू गव्हाणीत काय पडले ते मोजलेस. अंगी काय लागले ते कळायला शेण धुवावे लागते, आणि ते काम आपल्यासारख्या शहाण्यांना नको असते. म्हणून आपण चेटकीण शोधतो."

व्यापाऱ्याने हुकूम मागे घेतला. ज्वारी भरडून घालायची आणि कडबा पूर्ववत करायचा असे ठरले. सारजाला सांगायला शिष्य स्वतः गेला. ती दारात गाठोडे बांधून बसली होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग माज्या तीन गाई कुनी खाल्ल्या, लेकरा?"

शिष्य तिच्यासमोर खाली मातीत बसला.

"मी," तो म्हणाला. आणि त्या दिवशी प्रथमच त्याने तिच्या चेहऱ्याकडे न भिता पाहिले.