ओल्या गालाचा कारागीर

फार मागची गोष्ट. तेव्हा वारा माणसांशी बोलत असे, आणि माणसांनाही ऐकायला फुरसत असे.

काळ्या दगडांच्या एका मुलखात उन्हाळा आठ-आठ महिने मुक्काम ठोकून बसे. दगड तापत, घरं तापत, मग माणसांची डोकी तापत. तिथं वाळ्याचे पडदे विणणारा एक कारागीर होता. ओला पडदा खिडकीत टांगला की वारा त्यातून गाळून येई, आणि सगळं घर वाळ्याच्या वासात डुलक्या घेऊ लागे.

पण हा गडी आधी पडदा विणतच नसे. कुणी बोलावलं की भर दुपारी त्या घरी जाई, एक गाल पाण्यानं भिजवी आणि सरळ जमिनीवर आडवा होई. घरातली मुलं फिदीफिदी हसत. तो डोळे मिटून पडून राही. मग केव्हातरी वारा त्या ओल्या गालाला शिवे आणि सांगे, "मी माजघराच्या झरोक्यातून येतो रे." त्या झरोक्याच्या मापाचा पडदा दुसऱ्या दिवशी तयार.

त्याचं नाव झालं. एका गावाची सात गावं झाली, सातांची सत्तर. हाताखाली चाळीस विणकर आले, पडद्यांनी भरलेल्या गाड्या दूरदूर जाऊ लागल्या. आता दुपारभर लोळायला वेळ कुठला? त्यानं फर्मान काढलं, "सगळे पडदे एका मापाचे. पश्चिमेच्या खिडकीत टांगा आणि पुढच्या घरी चला."

एकदा वाटेत वाऱ्यानं विचारलं, "हल्ली आडवा होत नाहीस?"

"तुला काम ना धाम," तो म्हणाला. "मला आहे."

वारा गप्प झाला. काही घरं गार झाली, बरीच नुसती ओली झाली. पण कारागिराच्या नावाचा दबदबा असा, की लोक घाम पुशीत म्हणत, "वा, काय गारवा आहे!"

ऐन वैशाखात त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नातू झाला. आजोबांनी बाळंतिणीच्या खोलीत पश्चिमेला भलेमोठे पडदे टांगले, पाणी मारायला चार गडी बसवले. तरी खोली निवेना. भिंती घामेजल्या, हवा कोंदली. तिसऱ्या दिवशी बाळाचं अंग तापलं. ते दूध ओढेना, आणि दुपारी तर रडेनासंही झालं.

"याला औषध नाही, गारवा हवा," वैद्य म्हणाले. "आणि तोही लवकर."

"अहो, साऱ्या मुलखाला गारवा वाटता," बायको रडत म्हणाली, "आणि आपल्याच घरात भट्टी!"

कारागिरानं गाल भिजवला आणि तो जमिनीवर आडवा झाला. चाळीस विणकर दारातून बघत होते, पण कुणी हसलं नाही. वारा येईना. गाल वाळला. त्यानं पुन्हा भिजवला, तोही वाळला. मग त्याला रडू फुटलं आणि गाल भिजवायची गरजच उरली नाही.

"चुकलो रे," तो पुटपुटला. "एवढं एकदा बोल."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. कानाच्या पाळीला काहीतरी हलकेच शिवलं. "मी केव्हाचा येतोय," वारा म्हणाला. "मागच्या बुटक्या खिडकीतून. तूच तिथं भिंत रचलीस."

कारागीर मागच्या परसात धावला. खिडकीच्या बाहेर पार वळचणीपर्यंत थप्पी लागली होती. त्याच्याच तयार पडद्यांची! स्वतःच्या हातांनी तो ते पडदे ओढून भिरकावू लागला, आणि विणकरही धावले. खिडकी मोकळी झाली. तिच्यावर एवढासा ओला पडदा टांगला, आणि सुगंधी वारा खोलीत शिरला. बाळाचं जावळ हललं.

"आबा," लेक कुजबुजली, "पितोय तो."

दुसऱ्या दिवशी एकही गाडी निघाली नाही. चाळीस घरांत चाळीस विणकर ओला गाल घेऊन जमिनीवर पडले होते, आणि सगळीकडची मुलं पोट धरून हसत होती.

मुलांनो आणि मोठ्यांनो, काम हवं तेवढं वाढवा. पण ज्याच्यासाठी ते करायचं, त्याच्या घरी घटकाभर थांबायला विसरलात, तर वाढलेलं कामच एक दिवस आपली वाट अडवतं.