दारातली आई आणि माडीवरची चाल

एकदा एक गायिका वर्तमानपत्रांतल्या कात्रणांची फाइल काखेत मारून आपल्या वृद्ध गुरूंकडे, बुवांकडे आली. हेमांगी तिचं नाव. गाणी ती स्वतः लिहायची, चालीही स्वतःच बांधायची; वळण जात्यावरच्या ओव्यांचं, सोबतीला गिटार. तिचा नऊ गाण्यांचा पहिला अल्बम नुकताच निघाला होता आणि पाच समीक्षकांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं होतं. सहाव्याने मात्र कान उपटले होते. आता माणसाचा स्वभाव पाहा, पाचांचं कौतुक ती विसरली आणि सहाव्याचं वाक्य न् वाक्य तिला पाठ झालं.

येत्या रविवारी नाट्यगृहात तिचा कार्यक्रम होता. बुवांपुढे बसताच तिने सांगून टाकलं की त्यात आपली एकही रचना ती गाणार नाही. दुसऱ्यांचीच जुनी, लोकांच्या ओळखीची गाणी गाईल आणि यापुढे लिहिण्याच्या फंदातच पडणार नाही.

बुवांनी समजूत वगैरे काढली नाही. सगळी कात्रणं मोठ्याने वाचायला लावली. ‘सुमधुर’, ‘काळजाला हात घालणारी’, ‘मातीचा गंध असलेली’, विशेषणांची नुसती खैरात होती. प्रत्येक कात्रण संपलं की बुवा एकच विचारत, कोणत्या गाण्याबद्दल लिहिलंय? पाचही वेळा उत्तर आलं, पहिल्याच. मग सहावं कात्रण निघालं. त्यात लिहिलं होतं : ‘सातव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आई लेकीची वाट पाहत दारात उभी आहे आणि चाल मात्र माडीवर जाऊन बसली आहे. गायिकेला स्वतःच्या गळ्याचा मोह आवरलेला नाही.’

बुवा उठले. पंचाहत्तरीच्या सत्कारात मिळालेली, अजून घडीही न मोडलेली शाल त्यांनी कपाटातून काढली, तिच्यावर नारळ ठेवला आणि म्हणाले, “जा, हे त्या सहाव्याला देऊन ये.”

हेमांगीला वाटलं, बुवांचं आता वय झालं. ज्याने चारचौघांत अब्रू काढली, त्याला शाल-श्रीफळ? पण गुरूंचा शब्द मोडायची तिची टाप नव्हती. नाक मुठीत धरून ती निघाली.

दार उघडलं ते एका किडकिडीत, मध्यमवयीन गृहस्थाने. शाल पाहून बिचारा चपापलाच. बाई टोमणा मारायला आल्या, असं त्याला वाटलं. हेमांगीही घुश्शातच होती. नेमकं काय खटकलं ते गाऊन दाखवा, म्हणाली. आपल्याला गाता येत नाही असे आढेवेढे घेऊन झाल्यावर तो डोळे मिटून तिचं सातवं गाणं गुणगुणू लागला. समोर कागद नाही, काही नाही. ध्रुपद झालं, पहिलं कडवं झालं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. दुसऱ्या कडव्यात तिने जिथे उंच तान घेतली होती, तिथे त्याचा साधा गळा वर गेलाच नाही. खालच्याच सुरावर क्षणभर थांबला आणि पुढे सरकला. हेमांगीच्या अंगावर काटा आला. तिच्या स्वतःच्या गाण्यातली आई तिला पहिल्यांदाच दिसली. तिने शाल त्याच्या खांद्यांवर घातली, आणि अगदी मनापासून घातली.

परतल्यावर तिने विचारलं, “बुवा, ती जागा चुकली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं,” बुवा म्हणाले. “तू पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हाच खटकलं. पण तुझा गळा गोड, शिष्या माझी, तुझ्या कौतुकात माझंही नाव निघणार. म्हणून गप्प बसलो. माझं काम त्या परक्या माणसाने केलं, तेव्हा माझी शाल त्याचीच. पोरी, ते पाच जण तुझ्यावर खूश आहेत, पण त्यांनी तुला ऐकलेलं नाही. ज्याला सातव्या गाण्यातली एक जागा सलते, त्याने आधीची सहा गाणी कान देऊन ऐकलेली असतात. असा एक श्रोता मिळाला आणि तू गाणंच सोडायला निघालीस?”

हेमांगीने घरी जाऊन गिटार जुळवायला घेतली.

आपली चूक बोट ठेवून दाखवणारा माणूस भेटला, तर त्याला आधी बसायला पाट द्यावा. राग नंतर धरता येतो.

रविवारी तिने आपली नऊही गाणी गायली, आणि सातव्या गाण्यात आई दारातच उभी राहिली.