नळीतला बुडबुडा

“चाचा, आता तरी बरोबर म्हणा ना! अजून काय राहिलंय?”

त्या सकाळी शिवांजलीनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरचाचा उंबऱ्याशी उकिडवे बसून आतल्या जमिनीवरच्या नव्या सिमेंटच्या कोब्याकडं बघत होते.

मी घमेली आणि थाप्या गोळा करायला आलो होतो. मी या शाळेचा प्रयोगशाळेतला शिपाई. पोरं वस्तू नेतात, कुठंतरी टाकतात, आणि शोधत फिरायचं मी. त्यामुळं माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं असतं.

आमच्याकडं नववीला आठवड्यातले दोन दिवस पुस्तक बंद. हातानं काम करायचं, आणि ते खरोखर कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे. शिकवायला दस्तगीर मिस्त्री. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, शाळेचं तोंड न बघितलेला. यंदाचं काम होतं मुलींचं स्वच्छतागृह. जुनं पडून तीन वर्षं झाली होती. विटा, गिलावा, कोबा, सगळं वर्गानं केलं. पुढारी शिवांजली खरमाटे. पाचवीपासून पहिला नंबर कुणाला न दिलेली पोरगी.

अकरा वाजता जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातल्या मॅडम बघायला येणार होत्या. पूर्ण झालेलं कामच राज्याच्या प्रदर्शनाला जाणार, आणि त्याच्याबरोबर वर्गाचा पुढारी. ‘काम पूर्ण’ असं छापलेल्या कागदावर चाचांची सही हवी होती.

तो कागद शिवांजलीच्या हातात नुसता फडफडत होता.

“गुरव, किती वाजले?” चाचांनी मला विचारलं.

“साडेनऊ.”

“तांब्या भरून आण.”

मी आणला. चाचांची ही रीत सगळ्या तालुक्याला ठाऊक. कोबा कितीही गुळगुळीत दिसू दे, लांबच्या कोपऱ्यात पाणी सोडल्याशिवाय ते त्याला कोबा म्हणत नाहीत. पाणी थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

त्यांनी कोपऱ्यात पाणी सोडलं आणि परत उंबऱ्याशी येऊन बसले.

पाणी जरा पसरलं, जरा थबकलं... आणि मोरीच्या जाळीकडं पाठ फिरवून सरळ दाराकडं आलं. उंबऱ्याशी येऊन साचलं. चाचांच्या पायाचा अंगठा भिजला. त्यांनी पाय मागं घेतला नाही.

“असं कसं होईल?” शिवांजली वही उघडत म्हणाली. “मी तीनदा लेव्हल घेतलीय. चारी कोपरे. हे बघा, चार फुटाला एक इंच ढाळ, जाळीकडं. तिन्ही वेळा तेच उत्तर आलंय.”

“नळी दे.”

लेव्हलची नळी म्हणजे साधी आरपार दिसणारी नळी. पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं; मधे हवा अडकली की मात्र माप खोटं येतं. तिचं एक टोक शिवांजलीनं पट्टीला सुतळीनं आवळून बांधलं होतं. चाचांनी ते उजेडात धरलं. सुतळीच्या खाली, नळी जिथं वाकली होती तिथं, बोटाच्या पेराएवढा बुडबुडा अडकून बसला होता.

“कशी भरलीस?”

“नळाला लावून... घाई होती.”

“आणि तिन्ही वेळा...”

“हीच भरलेली.”

चाचांनी नळी खाली ठेवली.

तिला ते सोसलं नाही. “एवढासा तर फरक आहे! मॅडम काय पाणी ओतून बघणार आहेत का?”

“मग कोण ओतणार?”

ती पायाच्या नखानं कोबा खरवडत राहिली. मग एकदम फणकारली, “तुम्हाला माझी वही वाचता तरी येते का? सगळं बरोबर लिहिलंय त्यात!”

मला असा संताप आला म्हणून सांगू! बापाच्या बापाच्या वयाचा माणूस, आणि ही काय बोलते? एक कानाखाली ठेवून द्यावी असं वाटलं. पण चाचा रागावले नाहीत.

“नाही येत,” ते म्हणाले. “म्हणून तर पाण्याला विचारतो.”

पोरीचं तोंड उतरलं. बोलून गेली होती, आता गिळता येत नव्हतं.

चाचांनी भिंतीला टेकवलेली तिची बाटली उचलली. गुलाबी, वर फुलांचं चित्र असलेली. हलवून बघितली. काठोकाठ भरलेली.

“घरनं कधी निघालीस?”

“सातला.”

“ऊन किती आहे. पाणी नाही प्यायलीस?”

“...नाही.”

“तहान नाही लागली?”

शिवांजलीनं माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. “शाळेत नाही पीत, चाचा. कुणीच पोरी नाही पीत. घरी गेल्यावर पितो.”

वीस वर्षं मी या शाळेत आहे. संध्याकाळी वर्ग झाडताना विसरलेल्या बाटल्या मीच उचलून ठेवतो. गेली तीन वर्षं पोरींच्या भरलेल्या असतात, पोरांच्या रिकाम्या. मी म्हणत आलो, पोरींना वस्तूंची किंमतच नाही, पाणीसुद्धा वाया घालवतात. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

चाचांनी हात पुढं केला. “कागद.”

तिनं दिला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. लिहिता येतं ते तेवढंच, म्हणून एकेक अक्षर सावकाश. मी बघतच राहिलो. “अहो चाचा, हे काय करताय?”

त्यांनी कागद तिच्या हातात ठेवला. पिशवीतली छिन्नी आणि हातोडा काढून उंबऱ्यावर ठेवला.

“सही माझी. कोबा तुझा. मी चहा पिऊन येतो.”

आणि खरंच निघून गेले.

आता तिथं ती आणि मी. पोरगी पिंजऱ्यात घातल्यासारखी फिरायला लागली. दारापासून जाळीपर्यंत, जाळीपासून दारापर्यंत. सही झालेला कागद एकदा दप्तरात घातला, पुन्हा बाहेर काढला.

“काका, किती वाजले?”

“दहाला दहा कमी.”

“काका, वायपर मिळेल?”

मी आणून दिला. का दिला ते विचारू नका. लेकराचं इतक्या महिन्यांचं कष्टाचं काम, प्रदर्शन, पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर जायला मिळणार... मलाही वाटलं, जाऊ दे, पुसून टाकू, दिवाळीच्या सुट्टीत करू काय ते.

तिनं पाणी जाळीकडं ओढलं. कोबा लख्ख झाला. आरशासारखा. आता कुणाच्या बापाला कळलं नसतं.

“किती वाजले?”

“दहा.”

ती कागद घेऊन निघाली. चार पावलं गेली. थांबली. परत आली, तांब्या उचलला, नळाला लावून भरला, आणि लांबच्या कोपऱ्यात स्वतः पाणी सोडलं.

आम्ही दोघं बघत उभे राहिलो.

पाणी दाराशी आलं.

“सलवारी भिजतील, काका,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “बाहेर आल्यावर सगळे बघतील. हसतील. मग परत कुणी येणारच नाही इथं. बाटल्या तशाच भरलेल्या घरी जातील.”

मी तिच्या पायाशी पडलेला वायपर उचलला.

चाचांची थापी कोनाड्यात होती. सही केलेला कागद तिनं त्या थापीखाली सारला. ओढणी कमरेला आवळली. छिन्नी दाराशी टेकवली आणि हातोडा हाणला. पहिला घाव बोटावर बसला. ती कळवळली, बोट तोंडात घातलं, आणि दुसरा हाणला.

ठक... ठक... ठक...

चाचा परत आले तेव्हा निम्मा कोबा फुटला होता. त्यांनी थापीखालचा कागद बघितला, काढला नाही. खाली बसून फुटकी ढेकळं घमेल्यात भरायला लागले. मीही वायपर टाकला आणि भरायला लागलो.

मॅडम साडेअकराला आल्या. दारातच थबकल्या. “काम पूर्ण झालंय असं कळवलं होतं ना?”

शिवांजली उठली. केसांत, पापण्यांवर सिमेंटची धूळ. “नाही, मॅडम. ढाळ चुकला होता. माझ्याकडनं.”

“आज होईल?”

“नाही. नवा कोबा घालायचा, मग आठवडाभर पाणी मारायचं.”

मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. नळी बघितली, बुडबुडा बघितला, मान हलवली. “पण बाळा, यादी आजच द्यायची आहे मला. यंदा नाव नाही घालता येणार.”

“हो, मॅडम.”

गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती ताठ उभी होती. मग मटकन खाली बसली, आणि ढसाढसा रडली. पहिला नंबर, पुढारीपण, प्रदर्शन, सगळं त्या रडण्यात वाहून चाललं होतं. मला चाचांचा राग आला. एवढी काय घाई होती म्हाताऱ्याला पाणी सोडायची? उद्या सोडलं असतं तर?

चाचांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. धुळीचे फराटे गालभर झाले. “चाचा... वहीतलं सगळं चुकलं. मला काहीच येत नाही. आता सुरुवात कुठनं करू?”

चाचांनी नळीची सुतळी सोडली. नळी झटकून रिकामी केली, एका टोकातून फुंकर मारून बघितली. मग भिंतीशी ठेवलेली तिची गुलाबी बाटली आणली, टोपण काढलं आणि तिच्यापुढं धरली.

“आधी तू पी. उरलं तर नळीत भरू.”